खांदा निळा पडतोय, गन कुठली घेऊ?

प्रश्न: ताई नमस्कार. मित्राच्या नादाने क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या छर्ऱ्यांनी फोडायला, जायला लागलो आणि आता सुटत नाहीये. क्लबची जुनी दुनळी घेतो, एकदोन राउंड मारतो आणि घरी येईपर्यंत खांदा निळा पडलेला असतो. आता स्वतःची सेमी ऑटोमॅटिक, बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घ्यायचीय, बजेट बेताचं आहे, स्पर्धाबिर्धा खेळायची नाही. दुकानदार म्हणतो साडेतीन इंची चेंबरचीच घ्या, तिच्यात सगळं चालतं. मित्र म्हणतो इनर्शिया घे, साफ करायची कटकट नाही. दुसरा म्हणतो सेमी ऑटो अडकते, नादी लागू नको. हल्ली बायकोही यायला लागलीय, ती अंगाने बारीक आहे, दोघांत एक गन पुरेल का? तिचे बहुतेक बार क्लेच्या डावीकडून जातात असं तिथला कोच म्हणाला. काय करू?

उत्तर: अरे भावा, तीन जणांनी तीन सल्ले दिले आणि चौथा मागायला माझ्याकडे आलास, चांगलं केलंस, पण या सगळ्या गोंधळात कामाचं वाक्य तुझं स्वतःचंच आहे, खांदा निळा पडतो हे. बाकी चेंबर, इनर्शिया वगैरे नंतरचं. हौशी क्ले शूटिंगला गन दोनच गोष्टींवर निवडायची, अंगाला बसते का आणि हलक्या काडतुसांवर न अडकता चालते का. कंपनीचं नाव, रंग, नक्षी हे सगळं त्याच्या मागून.

त्याआधी दोन फोन कर. एक, तुझ्याकडे सेमी ऑटोला परवाना मिळतो का आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळकांड्यात, किती काडतुसं चालतात ते नीट विचारून घे, हे नियम जागोजागी वेगळे आहेत आणि यात मित्राच्या सांगण्यावर जायचं नाही. दुसरा फोन क्लबला. काही क्लबांत फक्त मधून मोडणारी दुनळीच चालते, कारण ती उघडून हातावर टाकली की लांबूनही कळतं रिकामी आहे म्हणून. गन घरी आणून मग हे कळलं तर डोक्याला हात लावायची वेळ.

आता तो खांदा. धक्का किती बसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं, छर्ऱ्यांचं वजन, त्यांचा वेग आणि गनचं वजन. तू कुठली काडतुसं वापरतोस ते लिहिलंच नाहीस, पण क्लबात जे हाताला लागेल ते घेत असशील तर बहुतेक ३२ ग्रॅमवाली असतील. पुढच्या वेळी २४ नाहीतर २८ ग्रॅमची मागून घे. क्ले फुटायला तेवढी बास होतात, अरे ऑलिंपिकमधले ट्रॅप आणि स्कीट या क्लेच्या प्रकारांतले नेमबाज २४ ग्रॅमवरच खेळतात, मग तू हौसेसाठी ३२ कशाला उडवतोयस. खांद्याचं निम्मं दुखणं इथेच जाईल आणि त्याला नवीन गनही लागत नाही. उरलेलं निम्मं दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, न बसल्याचं असतं, त्याच्यावर येते पुढे.

गॅस की इनर्शिया यावर लोक रात्ररात्र भांडतात, म्हणून आत काय होतं ते एकदा बघून घे, मग तुझं तुलाच ठरवता येईल. गॅसवाल्या गनच्या नळीला खालच्या बाजूने बारीक भोकं असतात. बार उडाला की थोडा गॅस त्यातून खाली पिस्टनवर जातो, पिस्टन बोल्टला, म्हणजे काडतुसाची जागा (चेंबर) मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याला, मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि येताना तो नवीन काडतूस आत घेऊन येतो. हे सगळं होताना धक्का जरा जास्त वेळात पसरून खांद्यापर्यंत येतो म्हणून तो ठोसा न वाटता ढकलल्यासारखा वाटतो. किंमत एकच, काजळी आत साठते आणि ती पुसावी लागते. इनर्शियात गॅसचा संबंधच नाही. गन मागे सरकते, आतला जड बोल्ट जागच्या जागी राहू बघतो, मधली जाड स्प्रिंग दबते आणि सुटली की बोल्टला मागे फेकते. भाग कमी, काजळी कमी, गन हलकी आणि बारीक, दिवसभर खांद्यावर टाकून रानात फिरणाऱ्याला एकदम झकास. पण तू फिरणार नाहीयेस ना, तू एका जागी उभा राहून पन्नास बार काढणार आणि हलक्या गनमध्ये तेच काडतूस जास्त लागतं. शिवाय इनर्शियाला चालायला धक्काच लागतो, तू २४ ग्रॅमचं काडतूस भरलंस आणि गन खांद्याला सैल धरलीस की बोल्ट अर्ध्यातून परत येणार. मित्राचं म्हणणं खोटं नाहीये, त्याच्या कामाला ते बरोबरच असेल, पण तुझं काम वेगळं आहे. तू गॅसवालीच घे. पंधरा मिनिटं साफसफाईला गेली तर जाऊदे, खांदा तरी वाचेल.

साडेतीन इंची चेंबर, म्हणजे ८९ मिलिमीटरचं काडतूस मावणारं, हे पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी निघालेलं प्रकरण आहे. क्लेला लागतं ७० मिलिमीटरचं, पावणेतीन इंची. तीन इंची चेंबरची गन घेतलीस तरी तिच्यात ते आरामात चालतं, आणि बाजारात बहुतेक तशाच मिळतात. साडेतीनवालीत बोल्टला जास्त लांब मागे जावं लागतं, पैसे जास्त पडतात आणि क्लेच्या हलक्या काडतुसांवर ती नाकं मुरडते अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. सगळं चालतं म्हणणाऱ्या दुकानदाराला एवढंच विचार, २४ ग्रॅमवर पंचवीस बार सलग काढून दाखवता का. चेहरा बघ त्याचा.

नळी २८ इंची घे आणि विषय संपव. सेमी ऑटोचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो मधला भाग, लांब असतो त्यामुळे तेवढ्याच नळीची दुनळी तिच्यापेक्षा आखूड भरते, म्हणून दुनळीवाल्यांचं ३० नि ३२ इंचांचं बोलणं ऐकून घाबरू नको. चोकचंही तसंच, म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव कमीजास्त करायला नळीच्या तोंडाशी जो तुकडा बसवतात त्याचं. दुनळीत दोन नळ्यांना दोन चोक लावता येतात, जवळच्या क्लेला मोकळा, लांबच्याला आवळलेला, सेमी ऑटोत एकच, पण हौशी माणसाला त्याने काही अडत नाही. इम्प्रूव्हड सिलिंडर नावाचा जरा मोकळा चोक लाव आणि विसरून जा, वर्षभर तोच ठेव. क्ले ११० मिलिमीटरच्या आसपासचा असतो आणि आठ नंबरच्या (हा छर्ऱ्याच्या आकाराचा नंबर) २८ ग्रॅममध्ये छर्रे साधारण ४०० येतात, सुरुवातीला चुकतो तो चोकमुळे नाही, गन फिरवताना मध्येच थांबवल्यामुळे.

१२ बोर की २० बोर, म्हणजे नळीचं भोक किती मोठं (१२ चं २० पेक्षा मोठं), हे तू विचारलं नाहीस, पण बायकोचा विषय निघाला की कोणीतरी म्हणणारच, वहिनींना २० बोर घ्या, नाजूक असते. तसं नसतं रे. २० बोरची गन स्वतःच हलकी, त्यामुळे जे छर्ऱ्यात वाचवलं ते गनच्या वजनात गेलं. सव्वातीन किलोच्या आसपासची गॅसवाली १२ बोर, २४ ग्रॅमच्या काडतुसावर, बऱ्याच हलक्या २० बोरपेक्षा मऊ लागते. फक्त तेवढं वजन तिला राउंडभर उचलवतं का ते आधी बघायचं. आणि घरात दोन बोर ठेवण्यात एक भयंकर धोका आहे तो सगळ्यांना माहीत हवा. २० बोरचं काडतूस चुकून १२ बोरमध्ये टाकलं तर ते घसरून पुढे जाऊन नळीत अडकतं, मागून चेंबर रिकामं दिसतं, माणूस वर १२ चं काडतूस भरतो आणि चाप ओढतो की नळी फुटलीच. म्हणूनच २० बोरची काडतुसं पिवळी बनवतात. तुमच्या घरात एकच बोर राहूदे.

आता नावं, कारण तू त्याचीच वाट बघतोयस. नवीनमध्ये बजेट जरा ताणता येत असेल तर बेरेटा ए३००, हौशी क्लेसाठी मी पहिलं नाव तेच घेईन. महागड्या ए४०० ची ती साधी बहीण, गॅसवाली, मऊ आणि फार कुरकुर न करणारी. तिच्याच आसपास विंचेस्टर एसएक्स४ आणि मॉसबर्ग ९४०, दोन्ही गॅसवाल्या, ज्याचा दस्ता तुला बसेल ती घे. आणखी खाली आलं की तुर्कस्तानात बनलेल्या गनांची मोठी रांग लागते, ट्रायस्टार वायपर जी२ वगैरे. यांना सरसकट नावं ठेवणाऱ्यातली मी नाही, चांगली निघाली तर खरंच चांगली निघते, पण एकाच मॉडेलच्या दोन गनांत फरक पडू शकतो, म्हणून तिथे वॉरंटी आणि सुटे भाग कोण देणार हे विचारल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. स्टोगर एम३००० पण याच भावात दिसेल, टिकाऊ आहे, बेनेली कंपनीच्याच घरातली आहे, पण ती इनर्शिया, वर काय बोलले ते आठव.

आणि जुनी चालणार असेल तर रेमिंग्टन ११००. १९६३ पासूनची गन, मऊपणाबद्दल अजूनही लोक तिचंच उदाहरण देतात, आणि इतक्या विकल्या गेल्यात की भाग मिळायची मारामार नाही. मला विचारशील तर बेताच्या बजेटमध्ये नव्या स्वस्त गनपेक्षा जुनी चांगली गन कधीही बरी, फक्त बघून घेता आली पाहिजे.

बघायची कशी ते सांगते. आधी बोल्ट मागे ओढून अडकव, चेंबर आणि मॅगझिन दोन्हींत बोट घालून रिकामं आहे याची खात्री कर, विकणारा कितीही म्हणाला रिकामी आहे तरी. मग पुढची टोपी फिरवून काढ, हातलाकूड पुढे ओढ, नळी बाहेर येईल. मॅगझिनच्या नळकांड्यावर काळी काजळी असेल तर घाबरू नको, ती पुसली जाते, पण काजळीखाली गंजाचे खड्डे हाताला लागले तर सोडून दे. नळीच्या खालची गॅसची भोकं बुजलेली नकोत. ११०० मध्ये त्या नळकांड्यावर रबराची एक बारीक रिंग बसलेली असते, ती तडकली की गॅस गळतो आणि गन एकेक बार करून अडकायला लागते, मालक वैतागून स्वस्तात विकायला काढतो आणि दुखणं असतं त्या एवढ्याशा रिंगचं. तसं असेल तर तुझीच चांदी. मग नळी उजेडाकडे धरून मागून आरपार बघ, आत एखाद्या जागी काळं कडं दिसलं म्हणजे तिथे नळी कधीतरी फुगलीय, ती फुकट दिली तरी नको. चोक हाताने नाहीतर किल्लीने सुटतो का बघ, वर्षानुवर्षं न काढलेला चोक वेल्डिंग केल्यासारखा बसतो. दस्ता जिथे रिसीव्हरला भिडतो तिथे केसाएवढी भेग आहे का ते नखाने चाचप. आणि शेवटी म्हण, एक डबा हलकी काडतुसं माझ्या पैशाने उडवू. नाही म्हणाला तर नमस्कार करून निघ.

आता दस्त्याचं माप, इथे घाई करू नको. रिकामी गन घे, परत एकदा रिकामी आहे बघ, नळी सुरक्षित दिशेला, समोर लांब एक खूण धर. डोळे मीट आणि नेहमी लावतोस तशी गन गालाला नि खांद्याला लाव. डोळे उघड. नळीवरची पट्टी आणि टोकाचा मणी सरळ रेषेत, पट्टी अगदी थोडी दिसतेय, तर गन तुला बसली. पट्टीऐवजी रिसीव्हरचं मागचं टोकच डोळ्यासमोर आलं तर दस्ता तुला खाली पडतोय, तू डोकं वर उचलून मारणार आणि गालाचा आधार सुटल्यावर फटका गालफडाला नि खांद्याला. पट्टी रस्त्यासारखी लांबच्या लांब दिसली तर दस्ता उंच. मणी डावी-उजवीकडे पळाला तर दस्त्याला बाक हवाय. असं पाच-सहा वेळा कर, पहिल्या वेळी माणूस नकळत जुळवून घेतो.

बऱ्याच नव्या सेमी ऑटोंबरोबर पातळ पट्ट्यांचा संच येतो, दस्ता आणि रिसीव्हरच्या मध्ये बसवायच्या, त्यांनी दस्ता वर-खाली आणि थोडा डावा-उजवा सरकतो. मागे रबराच्या गादीजवळ चकत्या घालून लांबी वाढवता येते. दुनळीच्या मानाने सेमी ऑटोची ही मोठी सोय आहे आणि तुमच्यासारख्या दोघांत एक वापरणाऱ्यांना तर फारच. पण उलटं लक्षात ठेव, लांबी वाढवणं सोपं, कमी करायची म्हणजे लाकूड कापायचं. म्हणून गन बायकोच्या मापाची घ्यायची आणि तुझ्यासाठी चकती लावायची, तुझ्या मापाची घेऊन तिला वापरायला लावायची नाही. लांब दस्ता बारीक अंगाच्या माणसाला मागे झुकून उभं राहायला लावतो, मग खांद्याचा खळगा सुटून गादी दंडावर बसते आणि तिथे जे निळं पडतं ते तुझ्यापेक्षा वाईट.

अडकते म्हणणाऱ्याचं थोडं खरं आहे. अडकते ती बहुतेक माणसामुळे. नवीन गन डब्यातून काढली की आतल्या चिकट संरक्षक तेलासकट तशीच मैदानावर नेतात, पुढची टोपी सैल ठेवतात, पिस्टनवर तेल ओततात आणि ते तेल काजळी धरून लेप तयार करतं. नवीन असेल तर पहिले चारपाच डबे जरा जोरदार काडतुसांचे उडव, भाग एकमेकांना सरावतात, मग २४ वर ये. पिस्टन कोरडा पुसलेला बरा, तेल बोल्टच्या सरकण्याच्या जागी, तेही थेंबभर. टोपी हाताने घट्ट आवळ आणि राउंडच्या मध्येही एकदा चाचपून बघ.

मैदानावर सेमी ऑटोवाल्याकडे बाकीचे जरा संशयानेच बघतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही, कारण बंद बोल्टची गन भरलेली की रिकामी हे बाहेरून दिसत नाही. तेव्हा जागेवर उभं राहून पाळी येईपर्यंत बोल्ट मागे उघडाच ठेवायचा, चेंबरमध्ये झेंडी असली तर उत्तम. एका क्लेला एकच काडतूस भरायचं, जोडीला दोन, पाच मावतात म्हणून पाच नाही. बोल्ट सोडायचं बटण दाबताना दुसरा अंगठा आत नको, एकदा चिमटा बसला की जन्मभर आठवतो. बाराचा आवाज नेहमीसारखा धाडकन न येता फुस्स आला तर लगेच थांब, पुढचं काडतूस भरू नको, गन रिकामी कर आणि नळीत डट्टा, म्हणजे काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांच्या मध्ये असतो तो तुकडा, अडकलाय का ते आरपार बघ. चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी मैदानाकडे ठेवून अर्धा मिनिट थांबून मग उघड. रिकामी टोपणं उजवीकडे लांब उडतात आणि ट्रॅपमध्ये शेजारच्याच्या कानशिलावर जातात, रिसीव्हरला लावायचा छोटा अडवणारा क्लिप मिळतो तो पहिल्या दिवशीच घे. कान नि डोळे झाकायचे, दोघांनीही. घरी कुलुपात गन एकीकडे, काडतुसं दुसरीकडे.

राहिलं बायकोचं डावीकडे जाणं, आणि याचं उत्तर मिळेपर्यंत गनचे पैसे देऊ नको. ती उजव्या खांद्यावरून मारते असं मी धरून चालते. तिला दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटं भोक ठेवायला सांग, त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचा एखादा ठिपका बघायला सांग, मग एकेक डोळा मिटायला लाव. डावा मिटल्यावर ठिपका गायब झाला तर तिचा डावा डोळा जोरकस आहे, म्हणजे गन उजव्या डोळ्याखाली आणि नेम धरतोय डावा, मग बार डावीकडेच जाणार, त्यात तिची काही चूक नाही. असं निघालं तर चष्म्याच्या डाव्या काचेवर मणी झाकला जाईल तिथे अर्धपारदर्शक टेपचा छोटा गोल लावून एक राउंड मारून बघा. त्याने जमलं तर एकच गन दोघांना पुरते. नाही जमलं आणि कोचने तिला डाव्या खांद्यावर घ्यायचं ठरवलं, नवशिक्याला ते फार जड जात नाही, तर मात्र हिशोब बदलतो, कारण उजव्या हाताच्या सेमी ऑटोतलं टोपण तिच्या तोंडासमोरून आडवं जाणार आणि बाक लावलेला दस्ता तिला उलटा पडणार. मग दस्ता सरळ, बाक अजिबात न देता ठेवा नाहीतर तिच्यापुरती क्लबची दुनळीच चालू राहूदे, २४ ग्रॅमवर. टेस्ट कर आणि काय निघालं ते कळव, मग मापाचं बोलू.